उन्हाला मीटर नव्हतं

आमच्या घरातून शिकायला तुमसरला राहिलेली मी पहिलीच. वडील सिहोऱ्याकडचे धानाचे शेतकरी. त्यांनी एका दुकानदाराच्या घरची मागची खोली पाहून दिली, तांदळाचं पोतं ठेवलं आणि एवढंच म्हणाले, खोली सुटली तर सरळ घरी यायचं. घरी येणं म्हणजे कॉलेज संपणं, हे दोघांनाही कळत होतं.

खोलीत चूल पेटवायची नाही, भिंती काळ्या होतात, असं घरमालकीण काकूंनी आधीच सांगितलं होतं. रॉकेल रेशनवर, आणि आमचं कार्ड गावाकडे. म्हणून मी विजेच्या शेगडीवर भात शिजवायचे. दुसऱ्या वर्षी विजेचे दर वाढले. काकू बिल घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"उद्यापासून शेगडी बंद. नाही त दुसरी खोली पाहून घे."

एकट्या मुलीला दुसरी खोली कोण देणार होतं? मला पटकन बोलता यायचं नाही, अजूनही येत नाही. पण सकाळी भौतिकशास्त्राच्या सरांकडे गेले. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक सौरचूल धूळ खात पडली होती. आतून काळी केलेली पत्र्याची पेटी, वर काच, झाकणाला आरसा. आठवडाभरासाठी मागितली. सर म्हणाले, वर्षभर ठेव, तिला विचारतो कोण.

ती डोक्यावर घेऊन भर बाजारातून आले. लोक बघत होते. बघू दिलं.

छतावर मांडली तेव्हा काकूंनी शेजारणीला हाक मारून सांगितलं की ही पोरगी आता ट्रंकेत भात रांधणार आहे. आणि पहिल्या दिवशी माझंच चुकलं. आमच्याकडे भात भरपूर पाण्यात शिजतो, मधूनमधून शीत चेपून पाहतात, मग पेज काढतात. त्या सवयीनं मी सारखी काच उचलत राहिले, आणि दर वेळी आतली ऊब निघून गेली. दुपार कलली तरी दाणे कडकच. दोघी पाहत होत्या. मी त्यांच्यासमोर मीठ घालून तो सगळा भात खाल्ला. चावायला वेळ लागला, पण एक शीत टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी बेतानं घातलं, काच लावली आणि कॉलेजला निघून गेले, म्हणजे हात तिथं पोचणारच नाही. परतले तेव्हा भात मोकळा झाला होता, डाळही मऊ. पेज तेवढी नव्हती.

पुढचं बिल कमी आलं. तरी काकू म्हणाल्या की आता छताचं भाडं वेगळं लागेल. या वेळी मी बोलले.

"छताचं घ्या काकू, पण इथं छतावर वाळवण घालते त्या शेजारणीकडूनही घ्या. उनाचं घ्यायचं असंल त आधी त्याले मीटर लावा."

काकू म्हणाल्या, "लई शिकली तू."

"शिकालेच त राहून राहिली मी इथं."

भाड्याचा विषय पुन्हा निघाला नाही. आभाळ भरलं की मी मुरमुऱ्यांवर दिवस काढायचे. पुढे काकूंनी आपणहून शेगडीला होकार दिला, तरी मी ती लावली नाही. शेवटच्या परीक्षेपर्यंत खोली माझी होती.