बाबा : येतो

या क्षणी तुमच्या घरात कोण कोण आहे, हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता का? अंदाजानं नव्हे... पुराव्यानिशी?

मी सांगू शकत होते. गेल्या हिवाळ्यापर्यंत.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, एवढंच म्हणून भागणार नाही. मी त्यांच्याविरुद्धच्या पत्रकांवर वाढले आहे. अमरावतीत बाबांचं झेंडू-शेवंतीच्या हारांचं दुकान होतं. हार ज्या पिवळ्या कागदात बांधून द्यायचे, तो त्यांनी स्वतः लिहून छापून घेतलेला असायचा. 'हार देवाला घाला, डोकं बुवाला देऊ नका!' गिऱ्हाईक देवळात पुडी सोडायचं आणि पुजाऱ्यासमोरच ते वाचायचं. दुकानावर दोनदा दगड आले, पत्रकं थांबली नाहीत. चौथीपासून त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका मी काढायचे. भानामती, अंगारा, मूठ — हे शब्द मी आधी तिथेच वाचले, आणि प्रत्येकापुढे उद्गारचिन्ह होतं.

आमचं घर बडनेरा रोडच्या आतल्या बाजूला, दोन खोल्या आणि मागे मोरी. मी अकोल्यात एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते, दर शनिवारी दुपारी घरी येते, संध्याकाळी परतते. थंडीत बाबा पहाटेपासून ओल्या फुलांत हात घालून बसायचे. सकाळी दहाला घरी यायचे तेव्हा बोटं वळत नसत. म्हणून मी त्यांच्यासाठी एक व्यवस्था केली. बाबांचा मोबाइल फाटकाशी आला की घरचं वायफाय त्याला ओळखणार, एक छोटा कॉम्प्युटर 'बाबा घरी' अशी नोंद करणार आणि मोरीतला गिझर सुरू होणार. सगळं घरातल्या घरात, बाहेरच्या कुठल्याही कंपनीकडे काही जाणार नाही. ही बाबांची अट. "घरात कोन हाये हे दुनियेले काहून सांगाचं?"

दाराशी एक जुना मोबाइल लावला, त्यावर तिघांची नावं. घरात असलो की 'घरी'. बाहेर असलो की मी 'गेले' असं लिहिलं होतं. आई कडाडली, "सकायी सकायी गेले काय म्हंतं वो? अभद्र!" आमच्या घरून निघताना कुणी 'जातो' म्हणालं, तरी ती दारात अडवून 'येतो' म्हणायला लावायची. बाबा हसले. "हे अंधश्रद्धा नाही, हे तुह्या मायची भाषा हाये. बदल." मी बदललं. बाबा : येतो. आई : येते. मी : येते.

उन्हाळ्यात बाबा दुकानातच, हार ओवता ओवता गेले. ती पाटी बदलायची हिंमत आमच्यात नव्हती. बाबा : येतो. तशीच राहिली.

त्यांचा मोबाइल मी आठवण म्हणून अकोल्याला नेला. बंद करून, खोलीतल्या पेटीत, कुलपात.

थंडी पडली आणि एका शनिवारी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुह्या बाबाचं पानी रोज तापते."

"म्हणजे?"

"दहा वाजून दहा मिन्टाले. महिना झाला. मी त्यातच हात धुतो."

महिनाभर ती बोलली नव्हती! मी नोंदी उघडल्या. रोज सकाळी बाबांचा मोबाइल नेटवर्कवर येत होता. तोच पत्ता — प्रत्येक मोबाइलचा एक वेगळा पत्ता असतो, तो. आधी सिग्नल कमी, मग वाढत वाढत जाणारा. फाटक, अंगण, मोरी. वीस मिनिटांनी बंद. फक्त मार्गशीर्षातल्या गुरुवारी दीड वाजता... त्या दिवशी हारांची गर्दी असते, बाबांना नेहमीच उशीर व्हायचा.

मी घाबरले नाही. मला राग आला. कुणीतरी त्या पत्त्याची नक्कल करतंय! वायफायचा पासवर्ड बदलला. राउटर नवा आणला. अकोल्याला जाऊन पेटी उघडली. मोबाइल थंडगार, बॅटरी संपलेली. सोमवारी दहा वाजता तो हातात धरून बसले. दहा वाजून दहा मिनिटांनी आईचा फोन : "आले."

तोवर शेजारणीकडून बातमी अंजनगावला मामाकडे पोचली होती. मामा माणूस वाईट नाही, पण बाबांच्या पत्रकांनी आयुष्यभर त्याची चिडचिड केली. तो फोनवर आईला म्हणाला, "बाई, भाऊजी अडकून राहिले. रविवारी महाराजाले घेऊन येतो, मोकयं करू."

"आई, बाबांच्या घरात बुवा?" मी ओरडलेच. "ज्यांनी दगड खाल्ले त्यांच्या घरात?"

आई शांतपणे म्हणाली, "मंग तू सांग ना काय हाये ते. तुले सांगता येत नाही, तं त्याले सांगू दे. रविवारलोक टाइम हाये तुले."

रविवारपर्यंत खुलासा सापडला नाही, तर बाबांनी जन्मभर उंबऱ्याबाहेर ठेवलेला माणूस आत येणार होता. मी शनिवारची रात्र नोंदी चाळत काढली. काही नाही. मग रविवारी सकाळी नऊला मी ते केलं... यादीतून बाबांचं नाव पुसून टाकलं. नाव नाही तर नियम नाही, नियम नाही तर गिझर नाही. आईला विचारलं नाही.

तिनं दाराशी पाहिलं. दोनच नावं.

"नाव काहून काढलं?"

"पाणी तापणार नाही, मग महाराज कशाला बसतील?"

तिनं पदरानं ती रिकामी जागा पुसली.

पावणेदहाला मामा आणि महाराज आले. लिंबू, कुंकू, काळा दोरा. महाराज घरभर वास घेतल्यासारखे फिरले आणि म्हणाले, "आत्मा तहानलेला आहे. नेत्यासारखा माणूस दिसतो... अहंकार फार." मामा मान हलवत होता. अकोल्याहून सोबत आणलेला बाबांचा बंद मोबाइल माझ्यासमोर टेबलावर होता. आई, मामा, महाराज, तिघंही माझ्या नजरेसमोर.

दहा वाजून दहा मिनिटं.

मोरीत 'टक्' झालं.

मी धावले. गिझरचा लाल दिवा लागला होता. भिंतीवरच्या बटणावर, कुणी हातानं दाबू नये म्हणून मी लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी. यादीत दोन नावं, दोन्ही घरी. नोंदीत अक्षर नाही. गिझरला कुणीही 'सुरू हो' म्हटलेलं नव्हतं.

बाहेर आले तर आई उभी होती. पदर सारखा केला, खुंटीवरचा बाबांचा टॉवेल काढून मोरीच्या दाराला टांगला आणि महाराजांकडे वळली.

"महाराज, ते आले."

"कोण?"

"ज्याइले मोकयं कराले तुमी आले ते. हात धुऊन राहिले. बसा दोन मिन्टं, मंग त्याइच्याशीच बोला. पन सांगून ठेवतो, ते लय प्रश्न इचारतात."

महाराज मामाकडे बघायला लागले. मामा चपला शोधायला लागला.

आईनं कपाटातून एक पिवळं पत्रक काढलं, त्यात लिंबू बांधला, अगदी हार बांधून द्यायचे तसा, आणि पुडी महाराजांच्या हातात दिली. "घ्या. आमच्या घरात बाबा एकच पुरे."

"जातो," महाराज म्हणाले.

आईनं त्यांना टोकलं नाही. त्या दारात 'जातो' ऐकून ती गप्प राहिली, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

ते गेल्यावर मी मोरीत नळ सोडला. पाणी कढत होतं. हात लाल होईपर्यंत मी तशीच उभी होते. मग बाहेर येऊन नाव परत लिहिलं. आईनं 'येतो'मधली मात्रा नीट आहे ना, ते चष्मा लावून तपासलं.

यावरून मी काय सिद्ध झालं म्हणू? काहीच नाही. आत्मा वगैरे मी आजही लिहिणार नाही. पुरावा नाही आणि बाबा ते वाक्य खोडतील. पण 'तांत्रिक बिघाड' हेही मला लिहिता येत नाही, कारण बिघाडाला मार्गशीर्षातला गुरुवार कळत नाही. गिझर अजून सुरू होतो. मला खुलासा माहीत नाही.

म्हणून ही विनंती. तुमच्यात कुणाला नेटवर्कचं, वायरिंगचं खरोखर कळत असेल तर आमच्या घरी या. वायरी उपटा, गिझर खोला, मला खोटं पाडा. खुलासा लिहून द्या, मी तो पिवळ्या कागदावर छापून वाटीन. अंगारे-दोरे घेऊन मात्र येऊ नका. सकाळी दहाच्या आत या. आणि काम झालं, न झालं, निघताना आमच्या दारात 'जातो' म्हणू नका.

'येतो' म्हणा.