आइस्क्रीम खातात की पितात?

"ताई, आई गेली. भाज्यातच गेली." संजयचा फोन सकाळीच आला. त्या 'भाज्यातच'मध्ये तक्रार होती की समाधान, ते मला तेव्हा कळलं नाही. त्याची आई म्हणजे माझी सखूआत्या. झोपेतच गेली, भाजे गावातल्या स्वतःच्या घरात.

आत्याच्या किडन्या निकामी झाल्यावर तळेगावला डायलिसिस सुरू झालं. मी तिथंच शिक्षिका, त्यामुळे सोबतीला मीच असायचे. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलं होतं. अंगावर वरचेवर सूज यायला लागली तर पुण्याला, मोठ्या हॉस्पिटलजवळ राहायला जावं लागेल, असंही बजावलं होतं. संजयने तर पुण्याच्या घरी खोली रिकामी करून ठेवली. आत्या म्हणाली, "मी हितनं हालायची न्हाई. तोंडाला कुलूप लावीन, पर घराला न्हाई."

...आणि उन्हाळ्यात वजन भलतंच वाढलं. पाय सुजले. सिस्टरने विचारलं, "मावशी, पाणी जास्त प्यालात?"

"न्हाई गं पोरी, मोजून प्याले."

संजय चिडला. "आई खोटं बोलते," असं सगळ्यांदेखत म्हणाला. आत्या आयुष्यात कुणाला भ्यायली नाही, पण त्या दिवशी तिचे डोळे भरून आले. मला राहवेना. "दिवसभर काय काय खाल्लंस, ते सांग बघू," म्हटलं. भात, भाकरी, घेवडा... आणि लेणी बघायला येणाऱ्यांसाठी गाडी उभी राहते, तिथली कुल्फी. दुपारी एक, कधी संध्याकाळी आणखी एक.

"अहो, ती वितळली की पाणीच ना?" सिस्टर म्हणाली. "शिवाय दुधाची, म्हणजे आणखी वाईट."

"कुल्फी खात्यात बाय. पीत न्हाईत."

सगळे हसले. आत्या हसली नाही. खोटं बोलली नव्हती बिचारी, भाषेनंच तिला फसवलं होतं. तिनं आहारतज्ज्ञ बाईंना गाठलं आणि पिच्छा पुरवून लिंबाच्या बर्फाची परवानगी मिळवली. अट एकच, तो बर्फही पाण्याच्या मापात धरायचा. मग रोज सकाळी दिवसाच्या पाण्यातलंच थोडं काढून, त्यात लिंबू पिळून, किंचित साखर घालून ती फ्रीजरमध्ये ठेवायची. तेवढे घोट कमी प्यायची. लग्नात मटका कुल्फी पुढं आली तर म्हणायची, "जीभ माझी हाय, तसं पाय बी माझंच हायती." मला तिचा अभिमान वाटायचा, आजही वाटतो. सूज पुन्हा आली नाही आणि पुण्याची खोली तशीच रिकामी राहिली.

दहाव्यानंतर संजय म्हणाला होता, घर बंद करून टाकू. गेल्या रविवारी सहज भाज्याला गेले, तर दार उघडं. आत ओट्यापाशी हा लिंबू पिळत उभा.

"बस ताई," तो म्हणाला. "रविवारी मला पुण्यात करमत नाही."