मिठाच्या पाण्यात राहिलेलं चाक

माझ्या मोठ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, डेअरीत चीज करायला लागून एकतीस वर्षं झाली. तळघरात लाकडी फळ्यांवर चीजची सात-सात किलोची गोल चाकं ओळीनं मांडलेली असतात. नवं चाक आधी एक दिवस मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, मग फळीवर. दिवसाआड प्रत्येक चाक उलटायचं आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसायचं. ती फडकी धुण्याचं काम माझं. तीन महिने झाले की वन्सं पोकळ सळई खुपसून बोटभर तुकडा काढतात, चाखतात. त्यांची मान हलली तर चाक दुकानात, नाही तर बाद.

वन्संचे यजमान गेले, त्यानंतर दहाव्या दिवशी त्या कामावर हजर. रडल्या नाहीत. आल्या आल्या चाकं उलटायला लागल्या. आठवडाभरानं फडकी पिळताना म्हणाल्या, "मला चव लागत नाही गं."

"सर्दी असेल."

"नाक मोकळं आहे. भाजीत मीठ घातलंय की नाही तेही कळत नाही."

बाहेर ऊन आहे म्हणावं, तशा म्हणाल्या.

चाखणारीची जीभ गेली म्हणजे काम गेलं. आणि मग घरी बसायचं ते कुणाचं तोंड बघत? म्हणून आमचं ठरलं. मी शिकतेय असं सांगायचं, आधी मी चाखायचं. वाईट असलं तर मी खोकायचं.

मला तोवर सगळं चीज सारखंच. वन्संनी आठवून आठवून शिकवलं. "बोटानं दाब. दबून परत वर आलं पाहिजे, ताठही नको, लोळागोळाही नको. मग जिभेवर ठेव, लगेच चावू नकोस. आधी लोणी, मग भाजलेले शेंगदाणे, शेवटी घशाशी जरासं आंबट. कडू लागलं तर खोक."

"काय हो, तपासणी चाललीय की न्याहारी?" सुपरवायझर दर वेळी विचारायचे.

"तुम्हाला कुणी बोलावलंय का पंगतीला?" वन्संचं उत्तर तयार. चेहरा मात्र कोराच.

मी देवाला रोज म्हणायचे, हे खोटं माझ्या नावावर मांड.

अडीच महिने असे निघाले. मग एक चाक आलं. तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळ्यांत पाणीच आलं, इतकं खारट. मी वरची तारीख बघितली. यजमान गेले तो दिवस.

मला खोकवेना.

वन्संनी माझ्याकडे बघितलं, मग चाकावरून हात फिरवला. चाकाची पाठ दगडासारखी कडक.

"बाद," त्या म्हणाल्या.

"न चाखताच?" सुपरवायझर म्हणाले.

"मिठाच्या पाण्यातून काढायचं राहिलं. दवाखान्यातून फोन आला, मी तशीच निघाले. तीन दिवस कुणी बघितलं नाही." मग म्हणाल्या, "आणि मला चव लागत नाही. तेव्हापासून. ही चाखते, मी नुसती मान हलवते."

सुपरवायझरनी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. "वाईट माल गेला का एखादा?"

"नाही."

"मग उद्यापासून चाखायचं हिच्याकडे. तुम्ही चाकं करा. हाताला तर काही झालेलं नाही ना?"

"नाही," वन्सं म्हणाल्या आणि पुढचं चाक उलटलं.

ते बाद चाक त्या घरी घेऊन गेल्या. रविवारी मी गेले तेव्हा पावाबरोबर तेच खात होत्या. मी एक घास घेतला आणि उठून पाणी प्यायले.

"अजून खारट आहे का?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"असं," म्हणाल्या, आणि आणखी एक काप कापला.