दाजींची राखीव चुंगह्वा

आमचे दाजी, यान पिंगखुन, लग्नाचे आचारी. शांघायच्या पलीकडे फंगशियनच्या खेड्यांत कुणाच्या अंगणात मांडव पडला की चुली दाजींच्याच पेटायच्या. मी त्यांचा मेहुणा. वीसेक वर्षं त्यांच्या हाताखाली मासे साफ केले आणि भरपूर शिव्या खाल्ल्या. इतका तापट माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका हळवाही.

आमच्याकडे रीत अशी, की चूल पेटण्याआधी यजमानानं आचाऱ्याच्या हातावर सिगारेटची पाकिटं ठेवायची. साधा यजमान साधी देतो, ऐपतीचा असेल तर चुंगह्वा. लालभडक पाकीट, त्यावर सोनेरी नगरद्वार. तिच्या धुराला वाळवलेल्या आलुबुखाराचा आंबटगोड वास येतो. दाजींना हे ऐकूनच माहीत. साधी सिगारेट ते कानामागे अडकवायचे आणि रस्सा ढवळताना ओढून टाकायचे. चुंगह्वा मात्र न फोडता घरी जायची. लेक युएछिन चौदा वर्षांची झाली तेव्हापासून हे चाललं होतं. तिच्या लग्नात प्रत्येक टेबलावर चुंगह्वा दिसलीच पाहिजे, असं त्यांनी घेतलं होतं मनावर.

पाकिटं ठेवली कुठे, तर पोरीच्याच पेटीत. मुलगी झाली की दारात कापराचं झाड लावायचं आणि पुढे तिच्या लग्नासाठी त्याचीच पेटी घडवायची, ही जुनी चाल. त्या लाकडामुळे रेशमाला कसर लागत नाही, मग तंबाखूला कशी लागेल, असा दाजींचा हिशोब. ताई कुरकुरायची, "यात पोरीच्या रजया ठेवू, की तुमचं दुकान मांडू?"

युएछिनचं जमलं ते शहरातल्या शेन यांच्या घरी. मुलाचे वडील शेन वेइलिआंग कापडगिरणीत मोठ्या हुद्द्यावर होते, आता निवृत्त. माणूस कमी बोलणारा. त्यांचं ते गप्प बसणं दाजींना खुपायला लागलं. एकदा मासे खवलता खवलता ते मला म्हणाले, "आचाऱ्याची पोर म्हणून तिथं तिला कुणी हिणवलं, तर मी इथं बसून काय करणार रे?" मी उगाच धीर दिला. भीती मलाही होतीच.

शेन यांच्या फ्लॅटला अंगण कुठलं असणार, म्हणून दोन्हीकडची पंगत आमच्याकडेच ठरली. आदल्या दिवशी मी मासळी आणायला गेलो होतो. माझ्यामागे दाजींनी पेटी उघडली आणि सिगारेटी सादळल्या तर नाहीत ना, हे बघायला एक ओढून पाहिली. उभ्या आयुष्यातली पहिली चुंगह्वा. मी परतलो तर स्वारी खुशीत. "घशाला कसा गारवा लागतो! बड्या लोकांची मजाच वेगळी," म्हणाले. कामाच्या गडबडीत मी हसून सोडून दिलं.

लग्नाच्या दिवशी नवरीनं पाहुण्यांच्या सिगारेटी पेटवून द्यायच्या असतात. युएछिन लाल पोशाखात सासऱ्यांसमोर उभी राहिली आणि तिनं काडी ओढली. शेन चुंगह्वाचे जुने दर्दी. पाकीट फिरवून, अस्सल आहे का हे बघायला त्यावर छापलेला कारखान्याचा आकडा वाचल्याशिवाय फोडत नसत. पहिल्याच झुरक्याला त्यांच्या भुवया वर गेल्या. धूर माझ्यापर्यंत आला आणि वास मी लगेच ओळखला. कापूर! नऊ वर्षांत त्या पेटीनं तंबाखू पार बाटवली होती.

"कुठून घेतलीत ही?" शेन यांनी हळूच विचारलं. वास युएछिनलाही कळला होता. पोर लाजेनं कानापर्यंत लाल झाली, पण नजर खाली घातली नाही.

"घेतली नाही, बाबा. माझ्या वडिलांना लग्नघरी एकेक पाकीट मिळायचं. माझ्यासाठी ते कापराच्या पेटीत राखून ठेवत गेले. स्वतः कधी ओढली नाही, त्यामुळे त्यांना खरी चव माहीत नाही."

तेवढ्यात दाजी आलेच. नवा कोट, तोंडभर हसू. "कशी काय आहे, शेनसाहेब?"

शेन यांनी आपल्या माणसांच्या टेबलांवरून एकदा नजर फिरवली. "अशी चुंगह्वा मी जन्मात ओढली नव्हती," ते म्हणाले. "आणखी एक द्या." मग टेबलामागून टेबल सिगारेटी पेटल्या. कुणी खोकलं, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तक्रारीचा शब्द कुणाच्या तोंडातून निघाला नाही. दाजी छाती फुगवून मांडवभर फिरले.

थंडी सुरू झाली तेव्हा शेजारच्या गावी एका लग्नात पुन्हा चुंगह्वा मिळाली. आता राखायची कुणासाठी? दाजींनी चुलीपाशी बसून पाकीट फोडलं, एक झुरका घेतला आणि एकदम भडकले. "मेहुण्या, ही नकली आहे! गारवाच नाही हिला. बघतोच त्या यजमानाकडे." आणि हातात झारा घेऊन निघाले.

आता गप्प राहिलो असतो तर भर मांडवात तमाशा झाला असता. मी बाही धरून त्यांना खाली बसवलं आणि सांगून टाकलं. पेटी, कापूर, युएछिन काय बोलली, सगळं.

दाजींनी हातातल्या सिगारेटीकडे पाहिलं. "म्हणजे सगळ्यांना कळलं होतं?"

"सगळ्यांना."

"आणि शेननी किती ओढल्या?"

"तीन. आणि दोन पाकिटं मागून घरी नेली."

वाटलं, आता झारा माझ्या डोक्यात बसणार. पण दाजींनी तो खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती.

"पोरगी चांगल्या घरी पडली रे," ते म्हणाले.