हत्यारांच्या सुट्टीचा रविवार

आमचा दिगू म्हणजे दिगंबर, माझा धाकटा भाऊ. त्याच्या हाती एखादी वस्तू धडधाकट दिली की आधी ती उघडी होई आणि मग दुरुस्त होई. बिघडलेली नव्हती, हे कारण त्याला कधीच पुरेसं वाटत नसे. घरचं गजराचं घड्याळ त्याने असंच सुधारलं. त्यानंतर ते वेळ अचूक दाखवी, पण गजर मात्र स्वतःच्या मर्जीने करी. बाबा रेल्वेच्या हिशेब खात्यातले, शिस्तीचे. त्यांनी त्या घड्याळाशी बोलणंच सोडलं होतं.

बहात्तर सालची गोष्ट. आम्ही नागपूरकडचे. बाबांची बदली कलकत्त्याला गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झाली तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन, आणि दिगू तर इथलाच म्हणायला हवा. क्वार्टर मिळेना म्हणून बेहाला भागात एका बंगाली घरमालकाचा वरचा मजला घेतला, तो कायमचाच झाला. दिगूचं मराठी त्यामुळे खिचडीसारखं होतं. 'आधा तास थांब' म्हणायचा आणि दीड तासाने उगवायचा. मी, कालिंदी, बहात्तर साली शाळेत भूगोल शिकवत होते आणि दिगूला वळण लावायचं काम माझ्याकडेच आहे अशी माझी ठाम समजूत होती.

त्याचा आठवडा ठरलेला असे. सोमवार ते शनिवार दुपारपर्यंत जहाजबांधणीच्या कारखान्यात विजेच्या विभागात उमेदवारी. संध्याकाळी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी निताईबाबू कर्मकारांच्या रेडिओच्या दुकानात उमेदवारी, ही मात्र हौसेची. शनिवारी दुपारी चांदणीच्या बाजारात फेरी. लष्कराने मोडीत काढलेले हेडफोन, बटणं, वायरींची भेंडोळी असलं काहीबाही तो पिशवीतून आणी आणि आई 'आत आणू नकोस' म्हणेपर्यंत ते पलंगाखाली गेलेलं असे. नक्षलवादी चळवळीचे ते दिवस तसे बरे नव्हते. कुठे बॉम्ब फुटे, कुठे पोलिसांच्या गाड्या येत, आणि दिवे जायचे ते तर रोजचंच. तो घरी पोचेपर्यंत आईचं लक्ष जिन्याकडे असे. पण पोरगा आनंदी होता, आणि आनंदी माणसाला फार वेळ रागावता येत नाही. मला तरी येत नसे.

रविवार मंडळाचा. आमच्या महाराष्ट्र मंडळात दिगू म्हणजे फुकटचा मेकॅनिक. कुणाचा पंखा, कुणाची इस्त्री, कुणाचा रेडिओ. लोक चहा पाजत आणि काम सांगत. मंडळाचे चिटणीस गजाननराव त्याला 'आमचे विद्युतमंत्री' म्हणत आणि स्टूल धरायलासुद्धा पुढे येत नसत. गणेशोत्सवात माइक आणि कर्णे तोच लावी. दिव्यांचा भरवसा नाही म्हणून लॉरीच्या जुन्या बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर त्याने स्वतः तयार केला होता.

त्या वर्षी आषाढात विमलकाकूंनी रेडिओ बिघडल्याचा निरोप पाठवला. विमलकाकू म्हणजे मंडळाच्या गाण्याच्या बाई. आम्हा सगळ्या मुलींना त्यांनी सा लावायला शिकवलं. माझा कधीच लागला नाही, तेव्हा त्यांनी मला अतिशय प्रेमाने टाळ वाजवायला बसवलं. अशा कडक. एक सूर हलला की हात वर होई आणि गाणं थांबे. मध्यंतरी त्यांनी शिकवण्या बंद केल्या, वय झालं म्हणाल्या. आम्हीही मानलं.

दिगूने रेडिओ उघडला, तपासला, परत लावला. रेडिओ ठणठणीत होता. बातम्या खणखणीत लागल्या होत्या आणि काकू शेजारी बसून विचारत होत्या, "काय रे, दुरुस्त होईल ना?"

तेव्हा त्याला कळलं. त्याने काय करावं? "लूज कनेक्शन होतं काकू," असं त्यांच्यासमोर उभं राहून सावकाश सांगितलं आणि आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवून ठेवलं. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि ऐकू येईनासं झाल्याचं सगळं सांगितलं. बोललेलं त्यांना ओठांवरून समजे. पण सूर ओठांवर दिसत नाहीत. कानाचं यंत्र आणून पाहिलं, त्यात भांड्यांचा आवाज मोठा आणि माणसांचा लहान. ते कपाटात गेलं. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, मुलीलाही नाही. मुलगी मीनाक्षी आईकडेच शिकलेली. ती गाऊन दाखवी, काकू मान डोलवत आणि म्हणत, "छान." मार्गशीर्षात तिचं लग्न होतं, जबलपूरला. त्याआधी गणपतीत ती मंडळात गाणार होती.

"एकदा तिचं गाणं ऐकायचंय रे," काकू म्हणाल्या. "एकदाच. मग ती जाईल."

दिगूने हे मला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याचं अन्न पचत नसे. आणि सांगतानाच त्याचं डोकं चालू झालेलं होतं. स्टेजवरच्या माइकपासून एक वेगळी तार काढायची, ती सतरंजीखालून पहिल्या रांगेत काकूंच्या खुर्चीपर्यंत न्यायची आणि त्यांच्या कानाला लष्करी हेडफोन लावायचा. हॉलमधला गलका नाही, पोरांची रडारड नाही, नुसतं गाणं. आवाज कमी-जास्त करायला एक बटण. मला बरोबर नेऊन काकूंच्या घरी त्याने तो जोडून पाहिला तेव्हा त्यात तो स्वतःच भसाड्या आवाजात आरती म्हणाला. काकूंनी लगेच तोंड वाकडं केलं. दिगू इतका खूश झाला की येताना ट्राममध्ये मला ते तीनदा ऐकावं लागलं.

गाण्याचा दिवस ठरला गणपतीतला रविवार. नेमकी त्याच दिवशी विश्वकर्मा पूजा आली.

कलकत्त्यात राहिलेल्यांना ही पूजा सांगायला नको. कारखान्या-कारखान्यांत, गॅरेजांत, दुकानांत विश्वकर्म्याची मूर्ती बसते, यंत्रांना फुलं वाहतात, आकाश पतंगांनी भरून जातं. आदल्या संध्याकाळी निताईबाबू दिगूला म्हणाले की यंदा तुझी हत्यारंही आमच्या हत्यारांबरोबर ठेव. हा मोठाच मान होता. दिगूने तारा डागायची सोल्डरिंगची इस्त्री, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर, होतं नव्हतं ते सगळं पुसून, चकचकीत करून नेऊन दिलं. उद्या काम आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. पण आमच्या घरी दसऱ्याला काय होतं? सकाळी बाबांचं पेन आणि पट्टी पाटावर ठेवायची, हळदकुंकू, फूल, नैवेद्य. आणि दुपारी बाबा त्याच पेनाने पत्रं लिहायला बसतात. दिगूला वाटलं, इथेही तसंच. पूजा होईल, प्रसाद खाऊ, हत्यारं उचलू, हॉलवर जाऊ.

रविवारी सकाळी त्याने घरी हेडफोन कानाला लावून पाहिला तर एका बाजूने मुका. आत तारेचा डाग सुटला होता. डाग म्हणजे तार जोडणारा कथलाचा ठिपका, दोन मिनिटांचं काम. शीळ घालत तो दुकानात गेला, प्रसादाची खिचडी खाल्ली, मूर्तीला नमस्कार केला आणि इस्त्रीकडे हात नेला.

दुकानातली सगळी माणसं एकदम त्याच्याकडे वळून बघायला लागली म्हणे. निताईबाबूंनी त्याचा हात धरला नाही. ते बंगालीत एवढंच म्हणाले, "आज त्यांची सुट्टी आहे रे बाबा. वर्षभर राबतात. उद्या विसर्जन झालं की उठतील." दिगूने काकूंचं सगळं सांगितलं. निताईबाबूंचा चेहरा उतरला. "तुझी आहेत, घ्यायची तर घे," ते म्हणाले, "मी अडवणार नाही."

यापेक्षा अडवलं असतं तर बरं. दिगू रिकाम्या हातांनी घरी आला आणि जिन्यातच बसला. दुसरीकडून आणावं, तर उभ्या शहरात सगळ्यांची इस्त्री आज कुठल्या ना कुठल्या मूर्तीपुढे झोपलेली. मला इतका संताप आला. निताईबाबूंचा आला, विश्वकर्म्याचा आला, आणि सगळ्यात जास्त दिगूचा.

"उचलायची होतीस," मी म्हटलं. "तुझीच तर आहे."

"त्यांनी मला सगळं शिकवलं, ताई," तो म्हणाला. "त्यांच्या देवापुढून कशी ओढून आणू?"

मी आणखी रागावले. मी म्हटलं, हाताने पीळ देऊन बांध की तार. त्याने आधीच बांधून पाहिली होती. कानात नुसती खरखर येत होती. काकूंना खरखर ऐकवायची नव्हती.

आई आत शेगडीवर पुरणाची डाळ शिजवत होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आतूनच म्हणाली, "तुला तापलेलं काहीतरी हवंय ना? मग शेगडी काय झोपलीय?"

दिगू उठला तो थेट पलंगाखाली शिरला. जुन्या मोटारीतली तांब्याची जाड तार काढली. मी तिचं टोक खलबत्त्यात ठेवून बत्त्याने ठोकून चपटं केलं, फार समाधान वाटलं. ती तार आईच्या सांडशीत धरून त्याने निखाऱ्यांत खुपसली. तेवढ्यात दार वाजलं. निताईबाबू होते, पूजेचं धोतर, कपाळाला टिळा, हातात प्रसादाचा द्रोण. त्यांना दुकानात चैन पडेना म्हणून आले होते. त्यांनी शेगडी पाहिली, तार पाहिली आणि दारातच थबकले. दिगूचा हात तसाच राहिला.

आईचं हिंदी भयंकर, पण ती कधी अडली नाही. "ये मेरा सांडशी है," ती म्हणाली. "मैंने पूजा को नहीं दिया था. इसको छुट्टी नहीं. हमको भी नहीं."

निताईबाबू हसले, चपला काढल्या, द्रोण आईला दिला आणि पाटावर बसले, दोन्ही हात पाठीमागे बांधून. हात लावायचा नाही हे त्यांचं ठरलेलं होतं. पण तोंडाला सुट्टी नव्हती. "अजून तापू दे. आता पूस. राळ लाव. घाई नको." मी केसांतल्या आकड्याने बारीक तार जागेवर धरून ठेवली आणि बोट भाजून घेतलं. पहिला डाग बसला नाही. दुसरा ओघळला. तिसऱ्या वेळी निताईबाबू नुसते पुढे वाकले, आणि कथील चमकून जागच्या जागी थिजलं. इतका ओबडधोबड डाग दिगूने आयुष्यात दुसरा घातला नसेल. कानाला लावला तर स्वच्छ आवाज. आईची डाळ मात्र लागली.

संध्याकाळी विमलकाकू पहिल्या रांगेत बसल्या त्या डोक्यावरून पदर घेऊन. काकूंना असा पदर घेतलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बायका आपसांत म्हणाल्या, मुलीचं लग्न ठरलं की माणूस देवधर्माकडे वळतं. पदराखाली हेडफोन होता आणि मांडीवर बटण. मागे दिगू अँप्लिफायरपाशी, तोंडाचं पाणी पळालेलं.

मीनाक्षी गायला बसली. अभंग होता. पहिल्या ओळीला काकूंचं बटणावरचं बोट थांबलं. मग त्या अजिबात हलल्या नाहीत. मान डोलावली नाही, ताल धरला नाही. मी बाजूलाच होते. मला वाटलं, गेलं, डाग सुटला. दिगूलाही तेच वाटलं असणार, तो अर्धा उठला होता. पण काकूंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या. मीनाक्षी नेहमीप्रमाणे आईपाशी आली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "कसं झालं?" विचारून ती वळलीसुद्धा, कारण उत्तर तिला ठाऊक होतं.

कानावर हेडफोन असला की माणूस ओरडून बोलतो, हे काकूंना कोण सांगणार? त्यांचा आवाज हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. "अंतऱ्यातला गंधार उतरतोय तुझा. श्वास आधीच संपवतेस. उद्या सकाळी तंबोरा काढ."

मीनाक्षी गर्रकन मागे फिरली. मग तिने हळूच पदर मागे सारला. काळे, जाडजूड लष्करी हेडफोन. तारेवरून तिची नजर सतरंजीपर्यंत गेली, तिथून दिगूपर्यंत गेली.

"मला वाटायचं, तुला माझ्या गाण्याचा कंटाळा आला," ती म्हणाली. "नुसतं छान, छान."

काकूंनी तिच्या ओठांवरून ते वाचलं आणि तिचा हात घट्ट धरला.

"पुन्हा म्हणू?" मीनाक्षीने विचारलं.

गजाननराव पुढच्या बालगोपाळांच्या नाचाची घोषणा करायला निघाले होते, तोवर दिगूने माइक सुरू केला होता. ते खाली बसले. मीनाक्षी पुन्हा स्टेजवर गेली. अंतरा आला, आणि काकूंचा हात वर झाला. सगळ्या मंडळादेखत, जिचं मार्गशीर्षात लग्न आहे त्या मुलीचं गाणं त्यांनी थांबवलं. मीनाक्षी थांबली, रडता रडता हसली, पूर्ण श्वास घेतला आणि तोच गंधार पुन्हा लावला.