बेपत्ता

नव्या नंबराची पाटी लावायला आलेला ग्रामपंचायतीचा माणूस समोरच्या सुमतीआत्याच्या दारावरची घरनंबराची गंजकी पाटी उचकटू लागला, तशी ऐंशी ओलांडलेली आत्या काठी विसरून धावली. "राहू दे रे ती! बाबांना तोच नंबर ठाऊक आहे."

तिचे बाबा बोटीवर खलाशी होते. महायुद्धात बोट बुडवली गेली. आता त्या बोटीचं नाव आमच्या बंदरावरही कुणाला आठवत नाही. घरी इंग्रजी कागद आला. शाळेच्या मास्तरांनी तो वाचून एकच शब्द सांगितला, 'बेपत्ता'. आत्याची आई म्हणाली, "पत्ता नाही म्हणतात ना? माणूस नाही असं कुठं म्हटलंय?" तिनं कुंकू शेवटपर्यंत पुसलं नाही.

सकाळपासून मी येरझाऱ्या घालतोय. कागदात खरंच तेवढंच होतं, की मास्तरांची जीभ रेटली नाही? तो कागद आत्याच्या ट्रंकेत अजून आहे. मला इंग्रजी वाचता येतं. मागितला तर ती लगेच काढून देईल, म्हणूनच मला मागवत नाही.

संध्याकाळी पाहिलं, तर दारावर दोन पाट्या होत्या. आत्या ओल्या फडक्यानं पुसत होती, जुनीच.