पोरीचा ठिपका माझ्या पिशवीत

माझ्या घराच्या वरच्या खोलीत एक पोरगी भाड्यानं राहायची. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या अलीकडच्या एका वस्तीवरची, बारामतीत नकाशाचं शिकायला आलेली. नकाशाचं म्हणजे आपण शाळेत पेन्सिलीनं गिरवायचो तसलं नाही. आकाशातून काढलेला फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा, त्यातल्या रंगांवरून कुठं ऊस, कुठं केळी, कुठं मका ते ओळखायचं, अन् इंदापूर तालुक्याचा पिकांचा नकाशा करायचा. जेवताना ती मला सगळं समजावून सांगायची. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं जे काही ते मिळेल ते वाचून. पण तिचं मला कळायचं.

"पण आजी, वरून कोवळा ऊस अन् मका सारखाच दिसतो," ती म्हणाली. "बांधावर जाऊन बघावंच लागतं. तिथं उभं राहून फोनवर खूण करायची, पिकाचा फोटो काढायचा. तशा खुणा नसल्या तर सर नकाशा घेणारच नाहीत."

अन् नकाशा नाही म्हणजे वर्ष गेलं. वर्ष गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं, सरळ लग्न. हे तिच्या वडलांनी आधीच सांगून ठेवलेलं.

अडचणही त्यांचीच होती. खोली ते कॉलेज अन् कॉलेज ते खोली, एवढीच परवानगी. पोरीच्या फोनवर त्यांनी लोकेशन चालू करून ठेवलेलं; ती कुठं आहे तो ठिपका त्यांना घरबसल्या दिसायचा. तिनं बांधांचं विचारून बघितलं, तर फोनमधून त्यांचा आवाज मला खाली चुलीपाशी ऐकू आला. "बांधावरच उभं राहायचं तर हितं काय बांध कमी हायती? त्यासाठी बारामतीला ठिवलीय व्हय तुला?"

मग एके सकाळी तिनं फोन माझ्यापुढं ठेवला. "आजी, एवढा फोन घेऊन कॉलेजात बसाल?"

बेत असा की मैत्रिणीच्या स्कूटीवर ती इंदापूरकडं जाणार, खुणा मैत्रिणीच्या फोनवर करणार, अन् तिचा ठिपका मात्र कॉलेजात राहणार. ठिपका राहणार म्हणजे मी राहणार. मी हो म्हटलं. बसायचंच तर आहे, त्यात काय, असं वाटलं मला.

बसून बघा म्हणजे कळेल. तिच्या वेळेला घरून निघायचं, तिच्याच रस्त्यानं चालायचं. मंडईच्या तोंडाशी ताजी मेथी दिसायची, पण वळायची सोय नाही. पोरगी कॉलेजच्या वेळेला मेथी कशाला घेईल? कँटीनसमोर कडुनिंबाखाली एक बाकडं होतं, ती माझी जागा. ऊन सरकलं की मी सरकायचे, बाकडं संपलं की उन्हातच. जरा पाय मोकळे करायला फाटकापर्यंत गेले तरी वाटायचं, कुणीतरी बघतंय. अन् बघत होतंच की! फोन थरथरला तरी उचलायचा नाही, तिनं शिकवलेलं एक बटण दाबायचं, की 'वर्गात आहे' असा तयार निरोप जायचा.

वॉचमन थट्टा करायचा. "आजी, कितव्या वर्षाला?"

"पहिल्याच," मी म्हणायचे. "सारखी नापास होतेय."

तो हसायचा. मला काही हसू यायचं नाही. मनात यायचं, मी दोन-चार दिवसांत एवढी आंबले, ही पोरगी दोन वर्षं कशी राहिली असेल?

ती संध्याकाळी यायची तेव्हा हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे, केसांत धूळ, अन् तोंड असं फुललेलं की बस्स. "आजी, आज आम्ही मका समजत होतो तिथं वैरणीचं कडवळ निघालं!" तिला त्याचाच आनंद.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. माझ्या पिशवीत दोन फोन असायचे. मागं मी न्हाणीत घसरून पडले, तेव्हापासून पुण्याच्या माझ्या लेकानं माझ्याही फोनवर तेच लोकेशन लावलेलं. मला त्याचं कौतुकच होतं. शेजारणींना सांगायचे, लेक तिकडून लक्ष ठेवतो. आता त्यानं बघितलं, आई रोज दिवसभर कॉलेजात. त्यानं फोन केला तेव्हा मी म्हटलं, "मंडईत आलेय रे." त्याला दिसतंय कॉलेज, अन् आई म्हणतेय मंडई. आईचं डोकं फिरलं की काय म्हणून त्यानं पोरीच्या वडलांना फोन लावला; खोली देताना नंबर घेतलेला होता. "तुमच्या मुलीला जरा बघायला सांगा, आमची आई तिच्या कॉलेजात काय करतेय."

दुपारी बाकड्यापुढं एक मोटारसायकल थांबली. धोतर नाही, पँट-शर्टच, पण पायात रानातल्या मातीनं भरलेली चप्पल. ओळखलं मी, पोरीचे वडील; तिला सोडायला आले होते तेव्हा बघितलेलं. त्यांनी मला बघितलं, खिशातून फोन काढला, बटण दाबलं. अन् माझी पिशवी वाजायला लागली.

"घ्या की मावशी," ते म्हणाले. "वर्गात हायसा का?"

मी सरकून जागा दिली. ते बसले. मी सगळं सांगून टाकलं, नकाशा, खुणा, मैत्रीण, सगळं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. चहा मागवला तर म्हणाले, "नको." दोघंही तसेच बसून राहिलो, तिची वाट बघत.

पोरगी आली, वडलांना बघून फाटकातच थांबली. मग तीच पुढं आली अन् मैत्रिणीचा फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकेक फोटो सरकवला. एका फोटोवर थबकले.

"ही तर आपली केळी हाय."

"व्हय, आप्पा."

"बांधापातूर आलीस? आन् घरला न्हाय आलीस? आई घरातच व्हती की."

"आले असते तर तुमाला कळलं असतं."

त्यांनी फोन परत दिला. मग उठले. "किती ऱ्हायल्यात खुणा?"

"थोड्या हायत."

"मी नेतो."

अन् नेलं त्यांनी. दोन रविवार पोरगी मोटारसायकलवर मागं बसून गेली. बांधावर कुणी विचारलं, "काय पाव्हणं, रान घ्यायचं का काय?" तर उत्तर ते द्यायचे, ही खाली उतरून बटण दाबायची अन् परत मागं बसायची. नकाशा झाला, सरांनी घेतला, वर्ष वाचलं. लोकेशन काही बंद झालं नाही. ओरखडे तसेच असायचे हातावर, पण ते फुललेलं तोंड मला पुन्हा दिसलं नाही.

नकाशाची एक छापील प्रत तिनं मला आणून दिली. हिरवा ऊस, पिवळी केळी. मी विचारलं, "यात माझं घर कुठंय गं?"

"तुमचं घर बारामतीत, आजी. हा इंदापूरचाय. तुमी यात नाहीच."

"बरं झालं," मी म्हटलं, अन् तो भिंतीला लावून समोर बसून राहिले, मस्त, कुठं न जाता. तेवढ्यात फोन वाजला. लेक होता.

"आई, सकाळपासून तू हललीच नाहीस. बरी आहेस ना?"

"बरी आहे रे. दळणाला निघालेच होते बघ."

घरातलं पीठ काही संपलं नव्हतं. पण म्हटलंय तर जायला पाहिजे, तो बघत असणार. चपला घातल्या, रिकामाच डबा घेतला, अन् गिरणीच्या रस्त्याला लागले.